चार वर्षांची जादा वॉरंटी

"मोडणार नाही म्हणून खुर्ची विकतोस आणि मोडेल म्हणून वॉरंटी विकतोस. दोन्हीतलं एक काय ते ठरव की रे," तारळेकर सर म्हणाले.

मी त्यांच्या पायाशी उकिडवा बसलो होतो. हातात रिमोट होता. शेजारी सरांच्या पत्नी, इंदुमती मावशी, पिशवी छातीशी धरून उभ्या होत्या. सांगलीत आमच्या सुमती फर्निचरच्या वरच्या मजल्यावर दुपारी कुणी फिरकत नसे, त्यामुळे मला बोलायला रान मोकळं होतं. आणि बोलण्यात मी कुणाला हार जाणारा नव्हतो. कंपनीनं त्या महिन्यात जादा वॉरंटी सर्वात जास्त खपवणाऱ्याला प्रेशर कुकर बक्षीस लावला होता, आणि तो कुकर मी मनातल्या मनात घरी नेऊन त्यात एकदा भातही लावला होता.

"सर, खुर्ची मोडणार नाहीच. पण हिच्या पोटात मोटर आहे. कंपनी एक वर्ष बघते. पुढची चार वर्षं आपण बघायची की कंपनीनं, एवढाच प्रश्न आहे."

"लाकडाला आणि लोखंडाला कसली आलीय हमी! माझ्या शाळेतलं स्टूल एकतीस वर्षं टिकलं."

"त्या स्टुलानं तुम्हाला उभं केलं नव्हतं, सर."

यावर सर हसले. हसताना त्यांच्या तोंडाची उजवी बाजू तशीच राहायची. मुलींच्या शाळेत एकतीस वर्षं चित्रकला शिकवलेला माणूस. निवृत्तीनंतर दीड वर्षातच अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवा हात-पाय लुळा पडला. बोलणं तेवढं शाबूत राहिलं होतं. जरा जड, पण शाबूत. आणि जीभ तर आधीपेक्षा तिखटच झाली होती, असं मावशी म्हणायच्या.

ती खुर्ची साधी नव्हती. बटण दाबलं की खालची मोटर अख्खं बूड हळूहळू वर उचलायची, माणूस पुढे कलत कलत आपोआप पायांवर यायचा. पाच मिनिटांपूर्वी सर असेच उठले होते. कुणाचाही हात न धरता. आठ महिन्यांत पहिल्यांदा. उठल्यावर ते समोरच्या काचेतून खालचा रस्ता बघत राहिले. मावशींनी मात्र पिशवीत तोंड घातलं. रुमाल शोधत होत्या म्हणे.

"ती वॉरंटी घ्या," मावशी आता म्हणाल्या. "अहो, खुर्ची बंद पडली तर माझ्यानं तुम्ही उचलले जायचे नाही. माझ्या पाठीचं तुम्हाला माहितेय." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "हे एकदा अंथरुणाला लागले की संपलं, असं डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलंय."

"बाहेर बोलावून सांगितलेलं आता आत सांगितलंस," सर म्हणाले. पण मग मानेनंच होकार दिला.

मी सरांना आधार देऊन शेजारच्या सोफ्यावर बसवलं. मावशी कागदावर सही करायला खाली गल्ल्यावर गेल्या आणि मी खुर्ची बांधायच्या तयारीला लागलो. आमच्याकडे एक पद्धत होती. मालकांच्या, म्हणजे चौगुले अण्णांच्या आईनं घालून दिलेली. दुकानातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक वस्तूवर कुंकवाचं स्वस्तिक काढायचं. कोरडं कुंकू झडतं म्हणून तेलात कालवलेलं. सुमतीबाई गेल्या तरी वाटी होती, आणि वाटी माझ्याकडे होती. खुर्ची कॉफी रंगाची, तिच्यावर कुंकू उठून दिसेना. मी ती फिरवली. पाठीमागे, खालच्या पट्टीवर, पांढरा कागद चिकटवलेला होता. त्यावर करंगळीशेजारच्या बोटानं मी स्वस्तिक काढलं.

सर सोफ्यावरून बघत होते. "खालची डावी रेघ आखूड पडली," ते म्हणाले.

"देवाला चालतं, सर."

"देवाला चालेल, मला नाही. पण आता राहू दे, गिचमीड होईल." सर आणखीही काहीतरी बोलले, मी हसून उत्तर दिलं, आणि खुर्चीला पुठ्ठा गुंडाळला. कुकर मला मिळाला.

पुढं तारळेकरांचं घर मला घरासारखंच झालं. विश्रामबागेत तळमजल्यावर दोन खोल्या, पुढं रस्त्याकडे मोठी खिडकी. मुलगी लग्न होऊन अहमदाबादला. मावशींना बल्ब बदलायचा असो की गॅसची नळी, त्या मला फोन करायच्या आणि मी दुकान सुटताना डोकावायचो. "फर्निचरवाल्यांचा सुकुमार" अशी माझी ओळख त्या शेजारणींना करून द्यायच्या, आणि पुढं जोडायच्या, "माझा भरवशाचा माणूस." मला ते आवडायचं. खोटं कशाला सांगू, फार आवडायचं.

दुसऱ्या वर्षी सरांना आणखी एक झटका आला आणि तो त्यांचे शब्द घेऊन गेला. नुसतं बोलणं नाही, लिहिणंही. हातात पेन दिलं तर अक्षरं जुळत नसत, 'अ' काढायला जात आणि नुसतंच वेटोळं होई. ऐकलेलं सगळं समजायचं. सांगता काही यायचं नाही. चित्रं तेवढी राहिली होती. रोज सकाळी खुर्ची त्यांना उभं करायची, ते वॉकर धरून चार पावलं खिडकीपर्यंत जायचे, आणि तिथं कठड्यावर ठेवलेल्या पाटीवर डाव्या हातानं समोर दिसेल ते काढायचे. दूधवाल्याची सायकल. नळावरची घागर. समोरच्या घरातल्या बाईचा वाळत घातलेला परकर, ज्यावरून मावशींनी एकदा पाटी दोन दिवस जप्त केली होती. दुपारी ते पुसायचे. चित्र कसलंही असो, सकाळी उभं राहून काढायचं, यावर त्यांचा दिवस चालायचा.

खंडेनवमीला मावशी तीन वस्तू पुजायच्या: शिलाई मशीन, सरांची ब्रशची पेटी आणि ती खुर्ची. "माणसाला उभं करते, तिच्यापेक्षा मोठं अवजार कुठलं?" म्हणायच्या. झेंडूचा हार, हळद, आणि पाठीमागच्या त्या कागदावर कुंकवाचं बोट. दुसऱ्या दिवशी मी गेलो की आपट्याचं पान माझ्या हातात ठेवायच्या आणि सांगायच्या, "तुझं स्वस्तिक पुसट होत चाललं होतं हो, मी पुन्हा गडद केलं."

चौथ्या वर्षी, दिवाळी उरकल्यावर एका मंगळवारी सकाळी खुर्ची मधेच थांबली.

धड खाली नाही, धड वर नाही. सर त्यात पुढे कललेले, पाय जमिनीवर पण जोर नाही, डावा हात खुर्चीच्या दांडीला घट्ट. मावशींनी शेजारच्या दोघींना हाका मारल्या, तिघींनी मिळून त्यांना कसंबसं सोडवून आतून आणलेल्या कॉटवर निजवलं. मग कंपनीला नाही, मला फोन केला.

"सुकुमार, ती वॉरंटी आहे ना रे?"

"आहे की मावशी! अजून सव्वा वर्ष आहे," मी म्हणालो. मला खरोखर अभिमान वाटला. मीच गळ्यात मारलेली होती ना ती.

कंपनीचा माणूस पुण्याहून यायला अठरा दिवस लागले. त्या अठरा दिवसांत काय झालं ते सांगतो. पहिले तीन-चार दिवस सर सकाळी सहाला जागे होऊन खिडकीकडे बघायचे. मग कॉटवर डाव्या हातानं थापट्या मारायचे, उठवा म्हणून. मी सकाळी दुकानाआधी जाऊन दोनदा उठवून बघितलं. ऐंशी किलोचा देह, एक बाजू मेलेली. खुर्चीतून उठताना त्यांचा स्वतःचा जोर लागायचा, मी उचलताना त्यांचं नुसतं ओझं व्हायचं. दुसऱ्यांदा आम्ही दोघं पडता पडता वाचलो. त्यानंतर त्यांनी थापट्या मारणं सोडून दिलं. दहाव्या दिवशी मावशींना त्यांच्या कमरेखाली लाल चट्टा दिसला.

मेकॅनिक आला तो चाळिशीचा, बोलायला गरीब माणूस होता. चपला बाहेर काढून आत आला, कॉटवरच्या सरांना नमस्कार केला, खुर्ची आडवी केली, खालचं झाकण उघडलं आणि पाच मिनिटांत म्हणाला, "बोर्ड गेलाय. मोटर ठणठणीत आहे. आठ दिवसांत नवा बोर्ड मागवतो, लावायला अर्धा तास."

मावशी तडक स्वयंपाकघरात गेल्या. रव्याचा वास सुटला. मी सरांकडे बघून अंगठा वर केला. सरांचा डावा डोळा हसला.

"नंबरचा फोटो तेवढा घेतो," मेकॅनिक म्हणाला आणि खुर्चीमागं जाऊन बसला. बराच वेळ बसला. मग त्यानं खिशातला टॉर्च काढला. "अहो मावशी, हे काय?"

मावशी झारा हातात घेऊनच आल्या. "कुंकू. दर खंडेनवमीला मी पूजा करते तिची."

"याच्याखाली नंबर आहे. होता. एकही आकडा दिसत नाही."

"बिलावर आहे की नंबर," मी पुढं झालो. "हे बघा, बिल. हे वॉरंटीचं कार्ड."

"बिलावरचा नंबर याच खुर्चीचा कशावरून? मला कळतंय हो दादा, तुम्ही खरं बोलताय. पण मी फोटो टाकल्याशिवाय तिकडून बोर्ड सुटत नाही. फोटोत नंबर नसला की ते यंत्रच घेत नाही अर्ज. कार्डावर मागं लिहिलंय बघा, ओळखपट्टी पुसलेली, फाटलेली, झाकलेली असेल तर." त्यानं फडक्यानं कुंकू हलकेच पुसून बघितलं. खालचा कागद लालसर आणि कोरा होता. "ही छपाई बसच्या तिकिटासारखी असते. तेल लागलं की उडते. तेल होतं का कुंकवात?"

"मी पाण्यात कालवते," मावशी म्हणाल्या. मग थांबल्या. "नाही, एका वर्षी निरांजनातलं तेल घेतलं होतं वाटतं. घेतलं असेल. मीच घेतलं असेल." त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "म्हणजे माझ्या पूजेनं गेला का नंबर?"

मेकॅनिकनं टॉर्च विझवून खिशात घातला. माझ्या हातात शिऱ्याची बशी होती, मावशींनी कधी दिली ते मला आठवत नाही. मी सरांकडे बघितलं नाही. बघायची हिंमत नव्हती, कारण ते माझ्याकडे बघत होते हे मला न बघताही कळत होतं.

सुरुवातीला मी एक वाक्य गाळलं. दुकानात त्या दुपारी सर आणखीही काहीतरी बोलले, असं म्हणून मी पुढं गेलो. ते काय बोलले ते आता सांगतो. मी स्वस्तिक काढलं, सरांनी आखूड रेघ दाखवली, आणि मग मान पुढे काढून ते म्हणाले, "अरे, खालचे आकडे उडाले बघ तुझ्या तेलानं. ते लागत नाहीत का कुठं?" मी वाकून बघितलं. आकडे खरंच विरघळल्यासारखे नाहीसे होत होते. मी म्हणालो, "लागायचं काय त्यात, सर, बिलावर आहेत की." आणि पुठ्ठा गुंडाळला.

म्हणजे खुर्ची मावशींच्या उंबऱ्यात पोचली तेव्हाच नंबर गेलेला होता. त्यांनी चार वर्षं एका कोऱ्या कागदाची पूजा केली.

मेकॅनिकनं शिरा खाल्ला नाही. जाताना त्यानं मला बाजूला घेऊन सांगितलं, "फोन लावून बघा. कधी कधी दुकानदाराच्या पत्रावर करतात."

फोन मी त्याच दुपारी लावला. सातवं बटण दाबल्यावर एक बाई भेटली. तिनं माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, पट्टी दुकानदाराकडून खराब झाली असेल तर दुकानदारानं तसं लेटरहेडवर, सही-शिक्क्यानिशी द्यावं. मग विचार होईल. माझ्या अंगात बळ आलं. मी पत्र स्वतःच्या हातानं लिहून काढलं आणि अण्णांसमोर ठेवलं. सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. तेवढं एक मी केलं, हे मी स्वतःला अजूनही सांगत असतो.

अण्णांनी पत्र दोनदा वाचलं. चष्मा काढला.

"सुकू, आईची वाटी घेऊन किती वस्तूंना बोट लावलं असशील रं तू?"

"मोजल्या नाहीत, अण्णा."

"मी बी न्हाई मोजलं. आणि मोटरच्या खुर्च्या, मोटरचे पलंग, त्ये मसाजचं काय काय? त्या सगळ्यांवर त्यो पांढरा कागद हाय. एकीचं लिहून दिलं की कंपनी सगळ्यांचं विचारणार. एजन्सी जाईल माझी. हितं सोळा माणसं जेवत्यात." पत्राची त्यांनी व्यवस्थित चार पदरी घडी घातली. "बाईनं बी लावलंय न्हवं कुंकू?"

"लावलंय. पण नंबर आधीच…"

"ते तुला म्हाईत. कुणाच्या कुंकवानं गेला, ह्ये आता देव बी सांगू शकत न्हाई." घडी त्यांनी माझ्या शर्टाच्या खिशात घातली, अगदी मायेनं. "वाईट मला बी वाटतंय. खरंच वाटतंय. पण शिक्का मिळायचा न्हाई."

अण्णा दुष्ट नव्हते. दुसऱ्याच दिवसापासून त्यांनी दुकानातलं कुंकू बंद केलं. वाटी त्यांच्या गल्ल्यामागच्या फोटोसमोर गेली. मी मिरजेहून मोटरी दुरुस्त करणारा एक मिस्त्री नेला, त्यानं बोर्ड उलटा-सुलटा करून सांगितलं की हा इथं कुठं मिळत नाही. कंपनीला विकत द्या म्हटलं तर त्या मॉडेलचे सुटे भाग विकत नाही, फक्त वॉरंटीतच बदलून देतो म्हणाले. हसावं की रडावं कळेना. खरं सांगायचं तर दुसरं काही उरलं नव्हतं. उरलं होतं ते एकच, आणि त्याला कुणाचा शिक्का लागत नव्हता. मावशींना जाऊन सांगायचं की तुमच्या हातानं काही झालेलं नाही.

तेवढं सांगायला मी एका रविवारी सकाळी गेलो.

खुर्ची खिडकीपाशी सरकवलेली होती, अजून तशीच अर्धवट उचललेली. तिच्यावर बसता येत नव्हतं म्हणून मावशींनी धुतलेल्या चादरींच्या घड्या टेकवून ठेवल्या होत्या. सर कॉटवर, पाठीला दोन उशा. सहा-सात आठवड्यांत चेहरा बसला होता. त्यांच्या मांडीवर पाटी होती, पण कोरी. कॉटवरून खिडकीतून नुसती विजेची तार दिसायची.

"ये," मावशी म्हणाल्या. "चहा टाकते. काही झालं का रे त्या पत्राचं?"

"नाही झालं, मावशी."

"जाऊ दे. तू केलंस तेवढं कोण करतं?" त्या तिथंच मोढ्यावर बसल्या. "मला झोप लागत नाही बघ. सारखं तेच येतं मनात. तुझं ते स्वस्तिक एवढंसं होतं, बारीक. तसंच राहू दिलं असतं तर आकडे दिसले असते. पण मला हौस. दर वर्षी बोट बुडवून गिरवत बसले. ज्याच्या जिवावर हे उभे राहत होते तेच मी माझ्या हातानं पुसलं."

आता, मी मनात म्हटलं. आता सांग. तोंड उघडलंही मी.

कॉटवरून खडूचा आवाज आला. सर काहीतरी काढत होते. कितीतरी दिवसांनी. मावशी लगबगीनं उठल्या, मीही उठलो. रेघा ठाम होत्या. स्वस्तिक. खालची डावी रेघ आखूड. माझी रेघ, हुबेहूब. चार वर्षांनंतर. मग त्याच्याखाली त्यांनी ओळीनं छोट्या छोट्या उभ्या रेघा मारल्या, आकडे असावेत तशा. आणि अंगठ्यानं त्या रेघा एका दमात पुसून टाकल्या.

मावशी पाटीकडे बघत राहिल्या. मग त्यांचा चेहरा असा झाला की मला तो आजही नको वाटतो.

"बघ," त्या मला म्हणाल्या. "हेही तेच म्हणताहेत. मला ठाऊक होतं, यांच्या मनात आहे ते."

सरांनी मान हलवली. जोरात. घशातून आवाज काढला. हात उचलून बोट माझ्याकडे केलं, पाटीकडे केलं, पुन्हा माझ्याकडे.

"त्याला कशाला दाखवताय? त्याचा काय दोष?" मावशी रडत म्हणाल्या. "चुकलं माझं. किती वेळा म्हणू, चुकलं म्हणून!"

सरांनी बोट खाली घेतलं नाही. ते माझ्याकडे बघत होते, आणि त्या बघण्यात राग नव्हता, ते मी शपथेवर सांगेन. त्यांना मला धरून द्यायचं नव्हतंच. त्यांना फक्त तिला सोडवायचं होतं. शब्द त्यांच्याकडे नव्हते, माझ्याकडे होते. 'माझ्याकडून पुसला गेला, मावशी.' एवढंच. ते वाट बघत होते, वर्गात एखादी मुलगी उत्तर देईल म्हणून थांबावं तसे.

आणि मला तो घरचा चहा, ते आपट्याचं पान, 'माझा भरवशाचा माणूस', सगळं एकदम डोळ्यांसमोर आलं. मी म्हणालो, "जाऊ द्या, मावशी. झालं ते झालं."

सरांचा हात हळूहळू खाली आला. त्यांनी मावशींकडे बघितलं, त्यांचं रडणं बघितलं, मग पाटी तळव्यानं सबंध पुसली आणि तोच खडूचा हात मावशींच्या हातावर ठेवला. त्यानंतर त्यांनी ते चित्र कधी काढलं नाही. मला वाटतं, त्यांनी त्यानंतर कुठलंच चित्र काढलं नाही.

चैत्रात सर गेले. पाठीच्या जखमा भरल्या नाहीत, मग छातीत कफ झाला. खुर्चीच्या पोटातला एक वीतभर बोर्ड बदलला असता तर आणखी किती वर्षं राहिले असते, हे मी कुणा डॉक्टरला विचारलेलं नाही.

आता माझं मिरजेत स्वतःचं छोटं दुकान आहे. गिऱ्हाईक विचारतं, जादा वॉरंटी घ्यावी का हो? मी घ्या म्हणत नाही आणि नको म्हणत नाही. खुर्ची फिरवतो, नंबरचा फोटो त्यांना त्यांच्याच मोबाइलमध्ये काढायला लावतो, आणि माल बांधतो. लोकांना वाटतं, माणूस फार चोख आहे.

सरांच्या चौदाव्या दिवशी मी गेलो होतो, ते राहिलंच. मुलगी अहमदाबादहून आलेली, माणसांची ये-जा. मावशींनी मला आत बोलावलं आणि दार लोटलं. खुर्ची आता आतल्या खोलीत होती, तशीच अर्धवट, आणि तिच्या पाठीवर झेंडूचा वाळलेला हार अजून अडकलेला होता.

"एक विचारू?" त्या म्हणाल्या. "तू होतास तेव्हा, त्या पाटीच्या दिवशी. खरं सांग. हे माझ्यावर रागावून गेले का रे?"

"नाही, मावशी. सर तुमच्यावर कधीच रागावले नव्हते."

त्यांनी माझा हात धरला. डोळे माझ्या चेहऱ्यावरून हलेनात.

"तुला कसं ठाऊक?"

दाराबाहेर कुणीतरी चपला शोधत होतं. मी त्या खुर्चीकडे बघितलं, मग मावशींकडे.

"असंच," मी म्हणालो. "मला वाटतं."